लाकडासारखे दिसणारे ब्लाइंड्स घ्यायचेत? आधी खिडकी नीट बघा

दुकानात गेलं की पहिल्यांदा हातात शेड कार्ड देतात. वॉलनट, ओक, चेरी, टीक, आयव्हरी, मग घरातले सगळे त्यावर तुटून पडतात, आईला सागवानी दाराला मॅच होणारा पाहिजे, मुलीला पांढरा, आणि अर्ध्या तासात रंग फायनल होऊन ॲडव्हान्सपण दिला जातो. खिडकी कुठल्या दिशेला आहे, सरकते की उघडते, चौकटीला आत जागा किती आहे, दिवसभर उघडी असते का बंद, हे कोणी विचारतच नाही. आणि माझं मत विचाराल तर फॉ वुडमध्ये, म्हणजे या लाकडासारख्या दिसणाऱ्या नकली आडव्या पट्ट्यांच्या ब्लाइंडमध्ये, रंग हा सगळ्यात कमी महत्त्वाचा प्रश्न आहे. रंग चुकला तर फार तर डोळ्याला खुपेल आणि महिन्याभरात सवय होईल, बाकीचं चुकलं तर पट्ट्या खाली वाकतात, खिडकी उघडत नाही, नाहीतर मग ब्लाइंड कायम वर ओढून ठेवलेला राहतो आणि त्याच्यावर पुन्हा पडदा लावायची वेळ येते.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे "वुडन ब्लाइंड" म्हणून तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक खऱ्या लाकडाचे, बहुतेक बासवुडचे. दुसरे हे आपले नकली, म्हणजे पीव्हीसीचे, किंवा लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिसळून केलेल्या कंपोझिटचे, किंवा पॉलिस्टायरीनचे. आणि तिसरे ॲल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर लाकडाची प्रिंट मारलेले, जे बिलावर "वुडन फिनिश" म्हणून येतात. तिन्हींचे भाव वेगळे, वागणं वेगळं. म्हणून कोटेशनवर "वुड लुक", "वुडन फिनिश" असलं गोलमोल न ठेवता मटेरियल काय ते लिहून घ्या. ओळखायचं असेल तर सॅम्पल पट्टीचं कापलेलं टोक बघा. खऱ्या लाकडात टोकालाही रेषा दिसतात, फोम पीव्हीसीत बारीक बुडबुड्यांसारखी एकसारखी पांढरी नाहीतर रंगीत जाळी दिसते, आणि ॲल्युमिनियम तर हाताला लगेच कळतंच. दुकानदार टोक दाखवायला टाळाटाळ करत असेल तर तेही एक उत्तरच आहे.

मग खरं लाकूड सोडून नकली का घ्यायचं? स्वस्त पडतं हे आहेच, पण आपल्याकडे त्याहून मोठं कारण पावसाळा. जून ते सप्टेंबर मुंबईत, कोकणात, गोव्यात हवेत जो ओलावा असतो त्यात पातळ लाकडी पट्टी फुगते, वाकते, पॉलिश नीट नसेल तर कडेला बुरशी धरते. पीव्हीसीला पाण्याचं काही वाटत नाही. वाळवीलाही त्यात खाण्यासारखं काही नसतं, आणि ज्या सोसायटीत एकदा वाळवी लागलीये तिथे हा मुद्दा किती मोठा आहे ते तिथल्या लोकांना विचारा. बाथरूमची खिडकी, किचन, वॉशिंग मशीन ठेवलेली ड्राय बाल्कनी, अशा ठिकाणी तर खऱ्या लाकडाचा विचारच नको. फक्त एक लक्षात ठेवा, पट्टी प्लॅस्टिकची असली तरी वरची पेटी म्हणजे हेडरेल बऱ्याचदा लोखंडी पत्र्याची असते, ब्रॅकेट आणि स्क्रूही लोखंडीच. समुद्राजवळ राहत असाल, म्हणजे वर्सोवा, अलिबाग, रत्नागिरी, पणजी अशा ठिकाणी, तर हेडरेल ॲल्युमिनियमची मिळतेय का विचारा आणि स्क्रू स्टेनलेसचे लावून घ्या, नाहीतर पट्ट्या नव्यासारख्या आणि वरून गंजाचे ओघळ भिंतीवर असा प्रकार होतो.

आता नकलीचा वीक पॉइंट, आणि हा विकताना कोणी सांगत नाही. ऊन. साधा कडक पीव्हीसी ८० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतो, आणि त्याच्या आधीपासूनच स्वतःच्या वजनाने हळूहळू झुकायला लागतो. आता तुम्ही म्हणाल ८० अंश कुठून आले, नागपूरला मे महिन्यात ४५-४६ म्हणजे डोक्यावरून पाणी. पण तो आकडा सावलीतल्या हवेचा असतो. पश्चिमेची बंद काच, तिच्यामागे दोन इंचांवर गडद चॉकलेटी पट्टी, पूर्ण बंद करून ठेवलेली, दुपारी दोनपासून सहापर्यंत थेट ऊन, अशा पट्टीचं तापमान खोलीच्या खूप वर जातं. एका दिवसात काही होत नाही, पण दोन-तीन उन्हाळ्यांनंतर दोन दोऱ्यांच्या मधला भाग खाली झोळी धरल्यासारखा दिसायला लागतो आणि तो परत सरळ होत नाही. विदर्भ, खानदेश, मराठवाडा, सोलापूर इकडच्या पश्चिमेच्या मोठ्या खिडकीला मी तरी गडद रंगाचा पीव्हीसी लावा असं कोणाला सांगणार नाही. तिथे एकतर फिकट रंग घ्या, नाहीतर त्या एका खिडकीला ॲल्युमिनियम किंवा खरं लाकूड घ्या आणि बाकी घरात नकली लावा, सगळ्या खिडक्यांना एकच मटेरियल पाहिजे असा काही नियम नाहीये. पॉलिस्टायरीन पीव्हीसीपेक्षा थोडं जास्त तापमान सोसतं, पण थोडंच. आणि लावलाच असेल तर भर दुपारी पट्ट्या अगदी गच्च बंद न करता थोड्या तिरक्या ठेवा म्हणजे मधली गरम हवा कोंडून राहत नाही.

इथेच अजून एक गैरसमज. "ब्लाइंड लावला की घर थंड राहील." थोडा फरक पडतो, पण काचेतून आत आलेलं ऊन हे आत आलेलंच असतं, पट्टी तापते आणि ती उष्णता खोलीतच सोडते. पांढरी पट्टी काही ऊन परत बाहेर फेकते, गडद पट्टी बहुतेक पिऊन टाकते. खरा थंडावा पाहिजे तर सावली काचेच्या बाहेर पाहिजे, छज्जा, बांबूची चटई, वाळ्याचा पडदा, हिरवी नेट, काहीही. ब्लाइंड हे उजेड कमी-जास्त करायला आणि समोरच्या बिल्डिंगपासून आडोसा मिळायला आहेत, एसीचं बिल निम्मं करायला नाहीत.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा. तुमच्या घरी खिडक्या दिवसभर उघड्या असतात का? प्रामाणिकपणे उत्तर द्या. आपल्याकडे बऱ्याच घरांत एसी फक्त रात्री आणि तेही बेडरूममध्ये, बाकी दिवसभर खिडकी उघडी आणि मच्छर जाळी लावलेली. बाराव्या मजल्यावर उघड्या खिडकीपुढे खाली सोडलेला फॉ वुड ब्लाइंड म्हणजे दिवसभर खडखड खडखड, आणि आपटून आपटून पट्ट्यांच्या कडा उडतात. खालची पट्टी दोन्ही बाजूंनी अडकवायला छोटे क्लिप मिळतात, होल्ड-डाउन ब्रॅकेट म्हणतात त्याला, ते मागून घ्या, बऱ्याचदा दिलेच जात नाहीत. पण हॉलची खिडकी कायम उघडी ठेवणाऱ्या घराला मी म्हणेन की तिथे साधा सुती पडदाच बरा, ब्लाइंड बेडरूमला आणि स्टडीला लावा.

मग खिडकीचा प्रकार. सरकती ॲल्युमिनियमची किंवा यूपीव्हीसीची खिडकी असेल तर सोपं आहे, फक्त हँडल आणि लॉक आतल्या बाजूला किती बाहेर आलंय ते बघा, पट्टी फिरताना त्याला घासायला नको. तीन ट्रॅकवाल्या खिडकीत जाळीचा ट्रॅक बऱ्याचदा आतल्या बाजूला असतो, म्हणजे जाळी सरकवायला हात आत घालावा लागणार, आणि त्यासाठी दरवेळी ब्लाइंड वर घ्यावा लागणार, हे आधीच मान्य करून टाका. आत उघडणारी खिडकी असेल तर चौकटीच्या आत ब्लाइंड लावताच येत नाही, लावला तर खिडकी उघडणार नाही. तिथे चौकटीच्या बाहेर, भिंतीवर, आणि पुरेसा वर लावावा लागतो. जुन्या बिल्डिंगमधल्या बाहेर उघडणाऱ्या लाकडी तावदानाच्या आणि आतून गज असलेल्या खिडक्यांना हा प्रश्न येत नाही, पण तिथे चौकट कधी गुण्यात, म्हणजे अचूक काटकोनात, नसते. त्याचं पुढे सांगतो.

आत की बाहेर, हे ठरवायला टेप घ्या आणि भिंतीच्या आतल्या कडेपासून खिडकीच्या फ्रेमपर्यंत, किंवा हँडल असेल तर हँडलच्या टोकापर्यंत, किती अंतर आहे ते मोजा. ५० एमएमची पट्टी असेल तर कमीत कमी अडीच इंच लागतात, तीन असतील तर निवांत. इतकी जागा नसेल तर हेडरेल भिंतीच्या पुढे डोकावते, चालतं तसं, पण मग आत लावण्याची शोभा गेली. आत लावला की दिसायला नीटनेटका, कट्ट्यावर कुंड्या ठेवायला जागा मात्र उरत नाही. बाहेर लावला की कडेने येणारा उजेड कमी होतो, चौकट वाकडी असली तरी झाकली जाते, पण सोफा भिंतीला चिकटून असेल तर पट्ट्या डोक्याला लागतात. आणि हो, दिवाळीत खिडकीच्या कट्ट्यावर पणत्या लावायची सवय असेल तर ब्लाइंड पूर्ण वर घेतल्याशिवाय लावू नका. पीव्हीसी पटकन पेटत नाही, पण ज्योतीजवळ वितळतो आणि त्याचा धूर नाकातोंडात जाणं चांगलं नाही. गॅसच्या शेगडीच्या अगदी मागे खिडकी असेल तर तिथेही नको.

मोजमाप. इथे सावकाश वाचा, कारण पैसे इथेच बुडतात.

आत लावायचा असेल तर रुंदी तीन ठिकाणी मोजा, वर, मध्ये, खाली, आणि त्यातली सगळ्यात लहान घ्या. उंचीही तीन ठिकाणी, डावीकडे, मध्ये, उजवीकडे, आणि त्यातली सगळ्यात मोठी घ्या, कारण उंची जास्त झाली तर नंतर कमी करता येते, रुंदी मात्र कारखान्यात कापून येते आणि घरी त्याचं काही करता येत नाही. मग दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत चार-पाच सुतांच्या (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वर फरक आला तर चौकट गुण्यात नाही, आत लावलेला ब्लाइंड एका बाजूला घासणार आणि दुसऱ्या बाजूला फट दिसणार, अशा वेळी सरळ बाहेर लावा. माप लिहिताना एक ठरवा, इंच-सूत की एमएम. आपले सुतार ४८ इंच ३ सूत असं सांगतात, कारखाना एमएममध्ये काम करतो, आणि मध्ये व्हॉट्सॲपवर कोणीतरी त्याचं ४८.३ इंच करून पाठवतो. आठ सुतांचा इंच, म्हणजे ३ सूत हे ०.३७५ इंच झाले, ०.३ नाही. हा फरक दोन एमएमचा आहे आणि आत लावताना दोन एमएमसुद्धा घासतात. मी तर म्हणेन सगळं एमएममध्येच लिहा आणि कागदावर लिहा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही दिलेलं माप हे मोकळ्या जागेचं आहे का तयार ब्लाइंडचं आहे हे स्पष्ट लिहा. मोकळ्या जागेचं दिलं तर कारखानेवाले स्वतः दोन ते चार सूत कमी करतात. तुम्ही आधीच कमी करून दिलं आणि त्यांनी परत कमी केलं की दोन्हीकडून उजेडाच्या पट्ट्या. ब्लाइंडवाल्यालाच माप घ्यायला बोलवा हा सगळ्यात सोपा उपाय, म्हणजे चुकलं तर त्याची जबाबदारी, पण तो मोजत असताना तुम्हीही शेजारी उभं राहून लिहून घ्या.

बाहेर लावायचा असेल तर दोन्ही बाजूंना दोन-तीन इंच जास्त धरा, झोपायची खोली असेल तर चार, आणि वर हेडरेल बसण्यापुरती जागा, तीन-चार इंच. वर खरं तर अजून जास्त धरलेलं चांगलं, कारण पट्ट्यांचा गठ्ठा. हा हिशोब कोणी करत नाही म्हणून करून दाखवतो. पाच फूट म्हणजे साधारण १५२० एमएम उंच ब्लाइंड, ५० एमएमची पट्टी एकमेकांवर थोडी चढते म्हणून दर ४४ एमएमला एक, म्हणजे ३४-३५ पट्ट्या. एक पट्टी जवळपास ३ एमएम जाड, म्हणजे सगळ्या मिळून १०० एमएम, चार इंच. त्यात वरची पेटी आणि खालची जाड पट्टी धरा, सात-आठ इंच झाले. म्हणजे चौकटीच्या आत लावलेला ब्लाइंड पूर्ण वर घेतला तरी खिडकीचा वरचा सात-आठ इंच भाग कायम झाकलेलाच. छोट्या खिडकीत हे फार जाणवतं. बाहेर लावून हा गठ्ठा भिंतीवर गेला तर खिडकी पूर्ण मोकळी होते. कोणाला वाटेल की २५ एमएमची बारीक पट्टी घेतली तर गठ्ठा कमी होईल, तर उलटं आहे, पट्ट्यांची संख्या दुप्पट होते आणि जाडी तेवढीच, गठ्ठा वाढतो. ॲल्युमिनियमची पट्टी कागदासारखी पातळ असते म्हणून तिथे हा प्रश्न नसतो.

म्हणून पट्टीची रुंदी शक्यतो ५० एमएम. बाहेरचं जास्त दिसतं, पुसायला पट्ट्या कमी, आणि लाकडाचा लुक त्यातच खरा वाटतो. ३५ एमएम जिथे आत जागा कमी आहे तिथे. बाथरूमच्या दीड फुटी खिडकीला २५ चालेल.

रुंद खिडकीला एकच ब्लाइंड घ्यायचा मोह टाळा. नकली पट्टी खऱ्या लाकडापेक्षा जड असते. बासवुड हलकं लाकूड आहे, फोम पीव्हीसी त्याच्यापेक्षा साधारण दीडपट जड आणि भरीव कंपोझिट अजून जड, त्यामुळे चार बाय पाच फुटाच्या खिडकीलाही चार-पाच किलो सहज होतात. सहा फुटांच्या वर गेलं की ओढायला त्रास, दोरीचं लॉक लवकर खराब, घरातल्या ज्येष्ठांना तर जमतच नाही. दोन किंवा तीन भाग करा आणि त्यांची फट खिडकीची दोन तावदानं जिथे मिळतात त्या उभ्या पट्टीसमोर येईल असं बघा, म्हणजे फट दिसत नाही. स्लायडिंग बाल्कनी दाराला हा प्रकार घेऊच नका, दिवसातून पन्नास वेळा येणं-जाणं, तिथे पडदा किंवा उभ्या पट्ट्यांचे व्हर्टिकल ब्लाइंड्स.

घरात लहान मूल असेल तर दोरीचा प्रश्न आधी सोडवा, बाकी नंतर. लोंबणाऱ्या दोरीचा फास गळ्यात बसून मुलं जातात, ही अतिशयोक्ती नाही. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या म्हणण्यानुसार तिथे दरवर्षी सरासरी पाच वर्षांपर्यंतची नऊ मुलं अशी दगावतात, आणि त्यामुळेच तिथल्या स्टँडर्डने २०१८ मध्ये तयार मिळणाऱ्या ब्लाइंड्सवरची लोंबती दोरी बंद केली आणि जून २०२४ पासून ऑर्डरने बनवलेल्या बहुतेक ब्लाइंड्सवरचीही. आपल्याकडे दुकानात अजून दोरीवालेच पुढे करतात. कॉर्डलेस मागा, मिळतात, थोडे महाग पडतात. पट्ट्या फिरवायला दोरीऐवजी काठी घ्या. दोरीवालाच घ्यावा लागला तर दोरी गुंडाळायचा हूक जमिनीपासून दीड मीटर तरी वर लावा आणि पाळणा, पलंग, सोफा, स्टूल काहीही त्या खिडकीखाली ठेवू नका, मुलं चढतातच. दोरी कुठल्या बाजूला हवी हे ऑर्डरच्या वेळीच सांगावं लागतं, नंतर बदलत नाही.

दुकानात सॅम्पल हातात घेतलं की काय बघायचं? पट्टी दोन टोकांना धरून हलकी वाकवा, सोडल्यावर लगेच सरळ झाली पाहिजे. प्रिंट असेल तर ती कडेवरूनही फिरलीये का बघा, कडेला पांढरी रेष दिसत असेल तर लांबून प्लॅस्टिक आहे हे ओरडून सांगते. कडेला नख लावून बघा, फिल्म सुटत असेल तर उन्हात ती पापुद्र्यासारखी निघणार. वास घ्या, हसू नका, उग्र रबरी वास येत असेल तर ठेवा खाली. पट्ट्या पेलणाऱ्या शिडीसारख्या दोऱ्यांमधलं अंतर बघा, चार फुटी ब्लाइंडला दोनच दोऱ्या असतील तर तो झुकणार, तीन मागा. पीव्हीसीमध्ये शिसं नाही असं लिहून मिळतंय का विचारा. १९९६ मध्ये अमेरिकेत बाहेरून आयात झालेल्या स्वस्त व्हिनाइल मिनी ब्लाइंड्समध्ये प्लॅस्टिक टिकावं म्हणून शिसं घातलेलं सापडलं होतं, उन्हाने वरचा थर झिजून त्याची धूळ पट्टीवर जमायची आणि मुलांच्या हातातून तोंडात जायची. चांगला ब्रँड असेल तर उत्तर लगेच देतो.

पट्टीला दोरी जायला भोकं असतात आणि पूर्ण बंद केलं तरी त्यातून उजेडाचे ठिपके येतात. रात्रपाळी करून सकाळी झोपणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. भोकं झाकायला कापडी पट्टीवाला प्रकार मिळतो, दिसायला छान, पण त्या कापडावर धूळ बसते आणि ती निघता निघत नाही. पूर्ण अंधार हवा असेल तर ब्लाइंड हा मार्गच नाही, मागे ब्लॅकआउट पडदा लावा.

आडोशाचं एक छोटं गणित. समोर उंच बिल्डिंग असेल आणि वरच्या मजल्यावरून लोक आत बघू शकत असतील तर पट्टीची खोलीकडची कड वर ठेवा, वरून येणारी नजर आणि ऊन दोन्ही अडतं. तुम्ही पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर आणि खाली रस्ता असेल तर उलटं, खोलीकडची कड खाली.

रंगाबद्दल थोडक्यात. दाराच्या सनमायकाला हुबेहूब मॅच करायला जाऊ नका, जवळजवळ मॅच हे वेगळं असण्यापेक्षा वाईट दिसतं. एकतर भिंतीच्या जवळचा फिकट रंग घ्या, नाहीतर फर्निचरपेक्षा दोन शेड स्पष्ट वेगळा. १० बाय १० च्या खोलीत गडद वॉलनट लावला की दिवसाही लाइट लावावा लागतो. पुण्यात, नवी मुंबईत जिथे शेजारी कायम बांधकाम चालू आहे तिथे गडद पट्टीवर धूळ दुसऱ्या दिवशी दिसते, फिकट बदामी रंगावर कमी दिसते. पांढरा घेतला तर काही वर्षांनी पिवळट होऊ शकतो, म्हणून यूव्हीची गॅरंटी किती वर्षांची ते बिलावर घ्या. सॅम्पल घरी आणून खिडकीत उजेडासमोर धरून बघा, आणि रात्री ट्यूबलाइटमध्येही.

भाव स्क्वेअर फुटावर असतो. इंचात रुंदी गुणिले उंची भागिले १४४, म्हणजे ४८ बाय ६० ची खिडकी २० स्क्वेअर फूट. पण छोट्या खिडकीला मिनिमम बिलिंग लावतात, तुमची २४ बाय ३६ ची बाथरूमची खिडकी सहा स्क्वेअर फूट असली तरी दहा किंवा जास्तचे पैसे लागू शकतात, हे आधी विचारा, मग छोट्या खिडक्यांना काय लावायचं ते ठरवा. फिटिंग, ट्रान्सपोर्ट, जीएसटी, वरची शोभेची पट्टी, हे भावात धरलंय का वेगळं, तेही.

फिटिंग स्वतः करता येतं, पण भिंत कशाची आहे बघा. नवीन टॉवरमध्ये बऱ्याच भिंती पूर्ण काँक्रीटच्या असतात आणि जुन्या घरातही खिडकीवरची आडवी तुळई म्हणजे लिंटेल काँक्रीटचंच, त्यामुळे साधं ड्रिल पुढे जात नाही, हॅमर ड्रिल लागतं. पीओपीच्या फॉल्स सीलिंगला कधीच लटकवू नका, स्क्रू सीलिंगच्या वरच्या स्लॅबपर्यंत गेला पाहिजे. ग्रॅनाइटच्या चौकटीला कडेजवळ भोक पाडलं की कपचा उडतो. खिडकीच्या ॲल्युमिनियम फ्रेमलाही भोक नको, पाऊस तिथूनच आत येतो. वर स्विचबोर्ड किंवा एसीचा पॉइंट असेल तर त्याच्या सरळ रेषेत भिंतीत वायर असणार, तिथे ड्रिल लावू नका. दोन ब्रॅकेटची जागा लेव्हलनेच मार्क करा, खिडकीच्या कडेवरून अंदाज घेऊ नका, ती स्वतःच तिरकी असते. चार फुटांच्या वर असेल तर मध्ये तिसरा ब्रॅकेट हवाच, नाहीतर हेडरेलच वाकते.

पुसायचं म्हणजे आठवड्यातून एकदा पट्ट्या बंद करून कोरडं मायक्रोफायबर किंवा हातात जुना मोजा घालून वरून खाली, मग उलट्या फिरवून परत. किचनमधल्या चिकट थराला कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. थिनर, ॲसिटोन, ॲसिड, ब्लीच काही नको, प्रिंट जाते. काढून बाथरूममध्ये धुवायची हौस असेल तर पट्टी वाळते पण आतल्या दोऱ्या ओल्या राहून काळ्या पडतात, तेवढं लक्षात ठेवा, आणि पावसाळ्यात तर नकोच.

उंची जास्त आली तर खालच्या पट्टीच्या बुडाला प्लॅस्टिकची छोटी बटणं असतात, ती काढा, आतली गाठ सोडा, दोरी वर ओढून नको असलेल्या पट्ट्या काढून घ्या, खालची जाड पट्टी परत बसवा, गाठ मारा आणि मगच जास्तीची शिडीसारखी दोरी कापा. कापायच्या आधी एकदा वर-खाली करून बघा. या काढलेल्या पट्ट्या फेकू नका. मधली एखादी पट्टी तुटली तर याच पद्धतीने दोरी त्या पट्टीच्या वरपर्यंत ओढून तुटकी बाहेर आणि जादाची आत, पाच मिनिटांचं काम. अमेरिकेत भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये हे ब्लाइंड्स आधीपासून लावलेलेच असतात आणि घर सोडताना तुटक्या पट्टीचे पैसे डिपॉझिटमधून कापू शकतात, तिकडच्या मंडळींनी एक करून बघावं, बऱ्याच ब्लाइंड्सच्या तळाशी कट्ट्यावर नुसत्याच पडून असलेल्या दोन-तीन जास्तीच्या पट्ट्या असतात, त्यातली एक वर लावता येते.